अकरावं पाऊल ऐकणाऱ्या प्रमिलाताई

प्रमिलाताई टेंबे यांना मी पाहण्याआधी ऐकलं. त्यांचा आवाजसुद्धा नव्हे, त्यांच्या वर्गाचे पाय. जयपूरच्या बनी पार्कमधल्या एका जुन्या बंगल्यात भरणाऱ्या प्राथमिक शाळेत मी दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू झाले, त्याला आता आठ वर्षं होतील. मला पहिली ‘ब’चा वर्ग दिला होता. भिंतीपलीकडे ताईंची पहिली ‘अ’. मी फळ्यावर तारीख लिहीत होते आणि भिंतीतून आवाज आला. तीसेक मुलांनी एकदम पाय आपटल्याचा. एक, दोन, तीन, असं दहापर्यंत. मग सगळं थांबलं. आणि थांबल्यावर आणखी एक आला. एकच, जरा उशिरा, जरा जड.

कोणीतरी मूल मागे राहत असेल, असं मी मनाशी म्हटलं. माझ्या वर्गातल्या मुलांनी मान वळवली नाही, फक्त डोळे भिंतीकडे नेले. मधल्या सुट्टीत मी जाऊन पाहिलं, तर पांढऱ्या सुती साडीतल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई खाली बसून एका मुलीच्या बुटाची नाडी बांधत होत्या. माझं आडनाव ऐकून त्यांनी वर पाहिलं. “सांगलीकडच्या का? मी साताऱ्याची. बरं झालं, आता मराठीत भांडायला कोणीतरी आलं.” आमची ओळख झाली ती अशी.

ताईंची साठी पूर्ण होते आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या या अंकात जयपूरच्या आपल्या मराठी मंडळींपैकी अनेकजण त्यांच्या अगत्याबद्दल, त्यांच्या संक्रांतीच्या तिळगुळाबद्दल, लष्करी वसाहतीतल्या मुलांना त्यांनी शिकवलेल्या मराठीबद्दल लिहितील. त्यांचे यजमान सुभेदारसाहेब सैन्यात बांधकामाच्या तुकडीत होते. बदल्या होत होत दोघं इथं आली आणि निवृत्तीनंतर इथलीच झाली. हे सगळं लिहिलं जायलाच हवं. मला मात्र एकाच हिवाळ्याबद्दल लिहायचं आहे. ते लिहिताना मला माझी एक चूकही सांगावी लागेल, आणि ती सांगायची परवानगी मी ताईंकडून घेतली आहे.

ताईंच्या वर्गात दर वीसेक मिनिटांनी धडा थांबायचा. ताई हातातला खडू खाली ठेवून म्हणायच्या, “दो मिनट.” आवाज चढवायच्या नाहीत. मुलं उठायची. कधी एका पायावर उभी राहून डोळे मिटायची, कधी हातांनी नसलेलं जातं फिरवायची, कधी दहा पावलं आपटायची, कधी वर्गाचे चारी कोपरे हात लावून यायची. दोन मिनिटं झाली की खाली बसायची आणि जिथं थांबली होती तिथून पुढं वाचू लागायची. सहा वर्षांच्या मुलाला बसवून ठेवणं म्हणजे शिकवणं नव्हे, असं ताई मानत. मूल हललं की त्याचं शरीर काहीतरी सांगतं आणि ते बघायला मास्तरीण जागी हवी, एवढंच त्यांचं शास्त्र होतं. मुलं डोळे मिटत तेव्हा ताईंचे डोळे उघडे असत. त्या बघत असत.

माझं सगळं उलट होतं. माझा वर्ग शाळेत सगळ्यात शांत होता. हाताची घडी बाकावर, बोट ओठांवर, मी सांगेपर्यंत उठायचं नाही. मी प्रोबेशनवर होते, नवऱ्याचं हॉस्पिटलमधलं कामही नवीन होतं. जगतपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटपासून शाळेपर्यंतच्या वाटेवर मला रोज वाटायचं, की या शहरात आपलं पाऊल अजून टेकलेलं नाही. आपला वर्ग शांत आहे, एवढाच मला आधार होता.

एकदा तनिष्का नावाची माझी विद्यार्थिनी जागेवरच ओली झाली. तासभर तिनं सांगितलं नव्हतं. हाताची घडी तशीच, नजर फळ्यावर, आणि बाकाखाली फरशीवर थेंब. मी गोंधळून दारात आले तर ताई समोरून येत होत्या. त्यांनी आपल्या कपाटातून कोरडे कपडे आणले, तनिष्काला बाजूला नेऊन बदलले, तिच्याशी पतंगांबद्दल काहीतरी बोलल्या. जाताना मला हळूच म्हणाल्या, “ही मुलगी शांत नाहीये, मेधा. अडकलीय.”

मला ते लागलं. चूक दाखवल्यापेक्षा दयाळूपणे दाखवल्याचं जास्त लागलं. दोनच दिवसांनी मी प्रिन्सिपल मॅडमना लेखी तक्रार दिली. शेजारच्या वर्गातल्या आवाजानं माझ्या मुलांचं लक्ष उडतं, असं लिहिलं. तेवढ्यावर थांबले नाही. “या हालचालींनाही शिस्त नाही. दहा पावलं झाल्यावर रोज एक मूल मुद्दाम उशिरा अकरावं पाऊल आपटतं, ते मला भिंतीतून स्पष्ट ऐकू येतं,” हेही लिहिलं.

मॅडमनी ‘दो मिनट’ बंद करण्याची सूचना काढली आणि माझ्या तक्रारीची प्रत ताईंना दिली. त्या दुपारी मुलं गेल्यावर ताई माझ्या वर्गात आल्या, तेव्हा मी मान वर करू शकले नाही. त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

“तुला अकरावं ऐकू येतं?”

मी मानेनं हो म्हटलं.

“भिंतीच्या या बाजूला?”

“रोज येतं, ताई.”

त्या बाकावर बसल्या. छोटं बाक, गुडघे वर आलेले. म्हणाल्या, “दिवाळीपासून ऐकतेय मी. वाटलं, वय झालं, कान वाजायला लागले. माझं एकही मूल मागं राहत नाही. मी पाय बघत असते ना.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूचना मोडली, एकदाच, आणि मला दारात उभं केलं. मुलांना म्हणाल्या, दहा. मी तोंडं बघितली नाहीत, फक्त पाय बघितले. दहावं पाऊल पडलं, सगळे बूट फरशीला टेकले. मी मनात एक-दोन म्हणेपर्यंत काही नव्हतं. मग आवाज आला. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यातून, माझ्या वर्गाच्या भिंतीलगत. ज्या कोपऱ्यात कोणीच नव्हतं तिथून. माझ्या अंगावर काटा आला. मुलं मात्र शांत होती. रुहानी नावाची दोन वेण्यांची मुलगी माझ्याकडे वळून, नव्या माणसाला घरातली रीत सांगावी तसं म्हणाली, “मैम, वो हमारे बाद करता है.”

“कौन?” मी विचारलं.

“नीचेवाला.”

ताईंनी तिला जवळ घेतलं. “तुमने पहले क्यों नहीं बताया, बेटा?”

“आपने पूछा नहीं था.”

मग ताईंनी मुलांना चारी कोपरे हात लावून यायला सांगितलं. मुलं धावली. तीन कोपऱ्यांना हात लागले. चौथ्याकडे जाताना प्रत्येक मूल दोन हात अलीकडे वळलं. कोणी घाबरलं नाही, कोणी कोणाला अडवलं नाही. पाण्यानं दगडाला वळसा घालावा तशी ती तीस मुलं त्या कोपऱ्याला वळसा घालून परतली. ताई म्हणाल्या, “दोन महिने हे बघतेय. वाटलं, कोपऱ्यात कोळी असेल.”

शनिवारी शाळा सुटल्यावर सुभेदारसाहेब आले. हातात लोखंडी पहार. ते मितभाषी गृहस्थ. वर्गात आल्यावर त्यांनी बूट काढले आणि मोज्यांवर चालत दारापासून मागं गेले, प्रत्येक फरशीवर पहारीचं टोक हलकेच टेकवत. टक, टक, टक. मागच्या कोपऱ्यापासून तिसऱ्या फरशीवर आवाज बदलला. खोल, उशिरा विझणारा. साहेब तिथंच थांबले, पुढं पाऊल न टाकता मागं आले.

“खाली पोकळ आहे. जुनं टाकं असणार, पावसाच्या पाण्याचं. या बाजूच्या बंगल्यांत असायची. वर दगडी पट्ट्या टाकून फरशी केलीय.” मग माझ्या वर्गातही त्यांनी ठोकून पाहिलं. “इथं घट्ट वाटतंय,” ते म्हणाले, “पण मी लिहून देणार नाही.”

सोमवारी ताई प्रिन्सिपल मॅडमकडे गेल्या, बरोबर मीही गेले. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्यावर पालकांचा, व्यवस्थापनाचा दबाव होता. फरशी नवी आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत इंजिनिअर बोलावू, असं त्या म्हणाल्या. “बच्चे तो कुछ भी कहते हैं, ताईजी.”

“बच्चों ने कुछ नहीं कहा, मॅडम,” ताई म्हणाल्या. “वो बस उधर जाते नहीं.”

त्याच दिवशी ताईंनी आपला वर्ग पुढच्या व्हरांड्यात नेला. सतरंज्या घातल्या, फळा भिंतीला टेकवला. संक्रांत नुकतीच झाली होती. जयपूरचा जानेवारी, सकाळी बोटं आखडायची. पालक तक्रार करू लागले, की मुलांना थंडीत का बसवता. ताईंना लेखी समज मिळाली. स्टाफरूममध्ये दोघीतिघी त्यांच्यासमोर गप्प बसायच्या आणि त्या गेल्यावर बोलायच्या. ताईजींना भास होतात, असंही कोणीतरी म्हणालं. ताई रोज सकाळी रिकाम्या वर्गाचं दार उघडून आत एकदा पाहायच्या आणि पुन्हा लावून घ्यायच्या. त्या काय बघत होत्या, हे मी विचारलं नाही. मी माझी तक्रार लेखी मागं घेतली, एवढंच केलं. वर्ग मात्र हलवला नाही. साहेबांचं “घट्ट वाटतंय” मी धरून बसले होते आणि त्यापुढचं वाक्य विसरायचा प्रयत्न करत होते. नोकरी गेली तर काय, हाच विचार होता. हे मी इथं लिहून ठेवते आहे.

दहाएक दिवसांनी, एका गुरुवारी, प्रार्थना होऊन पहिला तास सुरू झाला होता. मला वाटायचं, असं काही घडलं तर मोठा आवाज होतो. तसा झाला नाही. भिंतीपलीकडून कोणीतरी लांब श्वास सोडावा तसा आवाज आला, आणि त्यानंतर लाकूड कशावर तरी आपटत खोल गेल्याचे तीन-चार आवाज. त्या रिकाम्या वर्गाच्या दारातून पांढरी धूळ व्हरांड्यात आली. मग माझ्या वर्गात, मागच्या रांगेखाली, फरशीचा एक सांधा टक्कन सुटला. मग दुसरा.

“चलो, बाहर चलो,” मी म्हटलं. म्हणजे मी म्हटलं असं मला वाटतं. आवाज किती निघाला ते ठाऊक नाही.

मुलं उठली नाहीत. हाताची घडी बाकावर, बोट ओठांवर. घाबरल्यावर मुलं जे शिकलेली असतात तेच करतात, आणि मी त्यांना हेच शिकवलं होतं. चौतीस जोडी डोळे माझ्याकडे बघत होते. मागच्या रांगेत तनिष्का होती. तिच्या बाकाचा एक पाय आता फरशीला टेकत नव्हता, बाक हळूहळू तिरपं होत होतं आणि ती त्याच्यासह तिरपी होत होती, पाठ ताठ ठेवून. मी ओरडले. माझ्या ओरडण्यानं ती आणखीच घट्ट झाली. आजही मला स्वप्नात ती शांतता दिसते. तिच्याइतकी भयंकर गोष्ट मी पाहिलेली नाही.

तेवढ्यात दारात ताई आल्या. केसांवर धूळ. रोज ज्या आवाजात म्हणत त्याच आवाजात, जराही न चढवता त्या म्हणाल्या, “दो मिनट.”

माझ्या मुलांनी हे शब्द सहा महिने भिंतीतून ऐकले होते. त्यांना ते कधी मिळाले नव्हते. सगळीच्या सगळी एकदम उठली.

“आज कोने नहीं छूने,” ताई म्हणाल्या. “मुझे छूना है. पीछेवाले पहले.”

तनिष्का आली, तिनं ताईंच्या पदराला हात लावला आणि बाहेर गेली. मग मागची रांग, मग मधली. कोणी ढकललं नाही, कोणी पडलं नाही. प्रत्येक मूल ताईंना हात लावून व्हरांड्यात उतरत होतं, आणि तिथं रुहानी आणि पहिली ‘अ’ची मुलं एकमेकांचे हात धरून रांगेत उभी होती, कारण ताई तसं सांगून आत आल्या होत्या. शेवटी मी बाहेर पडले. ताईंनी मलाही हात लावायला लावला. आम्ही सगळ्यांना फाटकाबाहेर कडुलिंबाखाली नेलं, दोनदा मोजलं. सगळी होती. थोड्या वेळानं माझ्या वर्गाची मागची रांग वीतभर खचली.

टाकं दोन पुरुष खोल होतं आणि कोरडं. खाली चार बाकं आणि माती, बाकी काही नाही. पाहायला आलेल्या इंजिनिअरनी नीट समजावून सांगितलं, की एक पट्टी मधोमध तडकली होती, वर पावलं पडली की ती उचलली जाऊन शेजारच्या पट्टीवर आपटायची. मी ते मान्य करते. फक्त मी विचारलं, की दहाव्या पावलानंतर ती थांबून का आपटायची, लगेच का नाही, आणि एकदाच का? ते म्हणाले, मॅडम, इतकं कोणी मोजत बसत नाही.

प्रिन्सिपल मॅडमनी सगळ्यांसमोर ताईंची क्षमा मागितली. ताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. दोन्ही वर्ग बंगल्याच्या पलीकडच्या बाजूला, तपासून घेतलेल्या खोल्यांत हलले. नव्या खोलीत पहिल्या दिवशी ताईंनी मला मुद्दाम बोलावलं, माझ्या मुलांसकट. दोन्ही वर्गांनी मिळून दहा पावलं आपटली. दहा झाल्यावर कोणी बसेना. साठ-पासष्ट मुलं माना किंचित कलती करून वाट बघत राहिली. ताईही वाट बघत राहिल्या. काही आलं नाही. रुहानी हळूच म्हणाली, “अब वो अकेला है.” ताईंनी तिला रागावलं नाही, हसण्यावारी नेलं नाही, समजूतही घातली नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. लहान मुलाच्या बोलण्याला किती जागा द्यायची असते, ते मी तिथं शिकले.

माझ्या तक्रारीबद्दल ताई पुन्हा कधी एक शब्द बोलल्या नाहीत. उलट माझ्या प्रोबेशनच्या अहवालात सहकाऱ्याचं मत म्हणून त्यांनी लिहिलं, “हिचे कान चांगले आहेत.” माझा मुलगा मराठी अडखळत बोलतो, मध्येच ‘मतलब’ म्हणतो. त्याला दर रविवारी घरी बसवून, म्हणजे खरं तर घरभर चालवत, त्यांनी वाचायला शिकवलं. आज शहरातल्या कितीतरी शिक्षिका त्यांच्याकडे शिकायला येतात. जगतपुऱ्यातल्या, सी-स्कीममधल्या, लष्करी शाळांतल्याही. सगळ्यांना ताई खेळ थोडे सांगतात आणि बघायला जास्त शिकवतात. मूल कुठं जातं ते बघा, आणि कुठं जात नाही तेही बघा.

हा लेख लिहिण्याआधी मी त्यांच्याकडे गेले. चहा झाला. सगळं लिहू का, असं विचारलं.

“लिही,” त्या म्हणाल्या. “पण मला धीट करू नकोस. व्हरांड्यातले ते दिवस मी फार भ्यायले होते. जमीन खचेल म्हणून नव्हे. खचणारच नाही म्हणून. मग मी वेडी म्हातारी ठरले असते. रोज दार उघडून बघायचे ना, तेव्हा एक दिवस मला कळलं, की ती खचावी म्हणून मी वाट बघतेय. मुलांच्या शाळेची जमीन. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.”

साहेब आतल्या खोलीतून म्हणाले, “दोन दिवस जेवली नव्हती.”

आपल्या मनात डोकावून, तिथं जे दिसलं ते न झाकता सांगणारी माणसं मला आयुष्यात फार भेटली नाहीत. ताईंचे गुडघे आता दुखतात. डॉक्टर बसा म्हणतात आणि त्या बसत नाहीत. माझे पतीही त्या डॉक्टरांपैकीच एक, आणि त्यांनी आता सांगणं सोडलं आहे. प्रमिलाताईंना पुष्कळ वर्षं मिळोत, ती निरोगी मिळोत, साहेबांच्या सोबतीनं मिळोत. ज्यांची मुलं आज घरी सुखरूप आहेत आणि ती कुणामुळे हे ज्यांच्यातल्या कितीतरी जणींना ठाऊकही नाही, अशा या शहरातल्या सगळ्या आयांच्या वतीनं हे मागणं मी मागते. त्यातली एक तनिष्काची आई. तिनं मला निरोप दिला आहे, तो तिच्याच शब्दांत पोचवते : “ताईजी से कहना, लड़की अब बहुत बोलती है.”